मिरचीच्या गोडाऊनमधला भूतबंगला

आमच्या आबांना जाऊन पाच महिने झाले होते आणि तेवढ्या दिवसांत ते निम्म्या गावाच्या स्वप्नात येऊन गेले होते. हे मी चेष्टेने सांगत नाही. शेजारच्या काकांच्या स्वप्नात येऊन त्यांनी उसना दिलेला विळा परत मागितला. वहिनीच्या स्वप्नात ओट्यावर बसून ठेचा जरा झणझणीत कर म्हणाले. आमचं मिरचीचं गोडाऊन सांभाळणारा जुना माणूस सातपुड्यातल्या वरच्या पाड्यावरचा. त्याला पोत्यांची थप्पी वाकडी लागली आहे असं बजावून गेले, आणि सकाळी उठून त्याने बघितलं तर ती खरंच वाकडी होती. माझ्याही स्वप्नात आले. स्कुटीवर माझ्या मागे बसून गाडी कशी चालवावी ते शिकवत होते. जिवंतपणी त्यांना सायकलसुद्धा धड येत नव्हती.

फक्त आईच्या स्वप्नात ते एकदाही आले नाहीत.

कोणी स्वप्नाचं नाव काढलं की आई हातातलं काम टाकून त्याच्यासमोर जाऊन बसायची. अंगात कोणता सदरा होता, चेहरा कसा होता, जेवलेले वाटत होते का, सगळं खोदून खोदून विचारायची आणि शेवटी हळूच म्हणायची, "मन्हं काही इचारं का त्यासनी?" तिच्याबद्दल आबांनी कोणालाच काही विचारलेलं नव्हतं. एकदा मला राहवलं नाही, मी सरळ थाप मारली. म्हटलं, काल आले होते, तुझी तब्येत कशी आहे विचारत होते. आईने माझ्याकडे असं बघितलं की मी शाळेत मुलांना शिकवते हे मला क्षणभर विसरायला झालं.

"त्या असं कधी इचारेत का?" ती म्हणाली; आमच्या अहिराणीत 'त्या' म्हणजे ते, आबा. "चाळीस वरीसमा नही इचारं, आते मरीसन इचारतीन?"

माझी थाप आबांच्या स्वभावात बसत नव्हती, हे तिला लगेच कळलं होतं.

तिच्या मनात काय होतं ते घरात सगळ्यांना माहीत होतं. आबा गेले तेव्हा थंडीचे दिवस, मिरचीचा हंगाम भरात होता. आमचं गाव नंदुरबारहून धानोऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला. घराच्या मागे मोकळ्या जागेत आमची पथारी, म्हणजे लाल मिरची वाळत घालायची जागा, आणि तिच्या कडेला दगडी भिंतींचं, पत्र्याचं गोडाऊन. त्या सकाळी आईने नुकतीच फरशी पुसली होती आणि आबा पथारीवरून तसेच चपला घालून चहाला आत आले. दारापासून चुलीपर्यंत लाल पावलं उमटली. आई भडकली. आमची आई भडकली की गल्लीच्या टोकापर्यंत कळतं, आणि माझा स्वभाव कोणावर गेला हे कोणाला विचारावं लागत नाही. ती म्हणाली, "तुम्ही घरमा येऊच नका आते. तठेच ऱ्हा तुमनी मिरचीजोडे." आबा चहा न घेता मागे फिरले. तासाभराने पथारीवर, मिरचीतच कोसळले आणि दवाखान्यापर्यंत पोहोचलेच नाहीत.

तेव्हापासून आईने आवाज चढवला नाही आणि परसदाराचा उंबरा ओलांडला नाही. आणि तिची झोप गेली. डॉक्टरच्या गोळ्यांनी तिला गुंगी यायची, झोप यायची नाही. मी तिला समजावलं की बाई गं, तुला झोपच नाही तर स्वप्न कुठून पडेल? ते यायचे तरी कसे? तर म्हणे, "मंग झोप लागू दे ना त्यासनी. त्याच लागू देत नहीत. रागे भरीसन गयात त्या मन्हावर." रागाने गेलेल्या माणसाची समजूत कोणी आणि कशी काढायची?

अशात आखाजी आली. आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. आमच्याकडे हा लेकींचा सण आहे आणि पितरांचाही. सासरी गेलेल्या मुली माहेरी येतात, झोके बांधतात, आणि त्याच दिवशी गेलेल्या माणसांच्या नावाने पाण्याची घागर भरून त्यांना जेवायला बोलावतात. दोघांना एकाच दिवशी बोलवायची ही पद्धत ज्याने पाडली, त्याला यजमानीण बाईच्या कामाची कल्पना नसावी. आबांची ही पहिली घागर होती. आईने ती आणवलीच नव्हती. विचारलं तर म्हणायची, "त्या पेतीन का मन्हा हातनं पानी?"

मी आखाजीच्या आदल्या दिवशी शहाद्याहून माहेरी पोहोचले तर परसात माझा धाकटा भाऊ शिडीवर चढून गोडाऊनच्या दाराला काळं कापड ठोकत होता. वर पुठ्ठ्यावर लिहिलेलं: भूतबंगला. खाली एक कवटी, तिला मिशा.

आधी मला वाटलं उन्हाने माझं डोकं फिरलं. मग भावाचं फिरलं असं वाटलं, आणि मी तसं त्याला तोंडावर म्हटलं. बाप जाऊन वर्ष झालेलं नाही, घरात सण करायचा नाही, आई अशी, आणि हा भुतं नाचवतोय! लोक तोंडात शेण घालतील. माझा आवाज चांगलाच वर गेला होता.

"आबासनी सांगेल व्हतं ताई," तो शिडीवरूनच म्हणाला.

ते खरं होतं. त्याच्या आधीच्या दिवाळीत आम्ही सगळे गुजरातेत एका मोठ्या पार्कात गेलो होतो. तिथे चार-चार जणांना एका डब्यात बसवतात आणि तो डबा रुळांवरून एका अंधाऱ्या घरात फिरवतात. कपाटातून हाडं बाहेर येतात, म्हातारी खिदळते, थंड वारा सुटतो. लोक किंचाळत होते आणि आमचे आबा समोर येईल त्या सांगाड्याला हात जोडून "राम राम" म्हणत होते. शेवटच्या वळणावर वरून एक हात आला आणि आईच्या डोक्याला लागला. आईने मांडीवरची शेवेच्या डब्याची पिशवी उचलून अशी हाणली की तो हात तुटून आमच्यातच येऊन पडला. पार्कवाले बाहेर वाटच बघत उभे होते. आबा परतीच्या रेल्वेत नवापूर येईपर्यंत हसत होते. तेव्हा म्हणाले होते, आखाजीला आपलं गोडाऊन रिकामंच असतं, पोरांसाठी आपणच करू, यात काय अवघड आहे. आबा असं पुष्कळ म्हणायचे. त्यातलं नेमकं हेच भावाने धरून ठेवलं होतं.

मी रुसून बसले, पण फार वेळ नाही. खरं सांगायचं तर मला बघायचं होतं.

रूळ कुठून आणणार? भावाने पोती वाहायची लोटगाडी घेतली, तिच्यावर गादी टाकली. गोडाऊनचा माणूस ती ढकलणार. भूत व्हायला मात्र त्याने साफ नकार दिला होता. म्हणाला, गेलेल्यांना उगाच हाका मारू नयेत, ते येतात. भावाने भुतांसाठी सातपुड्यातल्या काठी गावच्या आदिवासींच्या होळीत नाचणारे घालतात तसा मोरपिसांचा टोपही आणायचं ठरवलं होतं. ते मी तिथल्या तिथे मोडून काढलं. ते त्या लोकांच्या देवाचं आहे, तुझ्या सोंगाचं नाही, असं सुनावलं. मग पोती पांघरून घरातली मोठी पोरंच भुतं झाली. वहिनी केस सोडून, तोंडाला ज्वारीचं पीठ फासून चेटकीण झाली. लाल दिव्यांची माळ, कोपऱ्यात आवाजासाठी स्पीकर, आणि पार्कातल्यासारखा वारा सुटायला हवा म्हणून लग्नाच्या मंडपातला तो भला मोठा पंखा.

आणि इथेच ती चूक झाली, जी आमच्यासारखीच माणसं करतील. मिरचीत जन्म काढलेल्या माणसाला मिरचीचा वास येत नाही. त्यांनी गोडाऊन झाडलं होतं, जमीन लख्ख होती. पण वर छताच्या कैच्यांवर, भिंतींच्या खाचांत, पत्र्याच्या पन्हाळ्यांत कितीतरी हंगामांची भुकटी बसलेली होती, आणि तिचा विचार एकाच्याही मनात आला नाही. माझ्याही नाही.

त्याच दुपारी चारला पहिली गाडी आत गेली. सुरतेहून आलेली तीन भाचरं बसली होती. आतून वहिनीचा आवाज आला, "मी तुले खाई टाक..." आणि पुढे शिंक. परत "मी तुले..." आणि दोन शिंका. मग भुतं, चेटकीण, गाडी ढकलणारा आणि प्रवासी यांच्या शिंकांचा असा काही गोंधळ उठला की बाहेर रांगेत उभ्या असलेल्या बायका एकमेकींना धरून उभ्या राहिल्या. गाडी बाहेर आली. तिन्ही पोरांचे डोळे लालबुंद, नाकं वाहतायत, हुंदके थांबत नाहीत, आणि बोलायला जावं तर ठसका.

"अरे बापरे," रांगेतली एक बाई म्हणाली, "कितलं भ्यायनात पोरे!"

अर्ध्या तासात रांग दुप्पट झाली. शेजारच्या गल्लीतून लोक आले. रडत बाहेर येणारं प्रत्येक पोर आमची जाहिरात करत होतं. शेजारच्या गल्लीतल्या एका घरचे, नाशिकला नोकरी करणारे जावईबापू मी अशा गोष्टींना घाबरत नाही असं सांगून आत गेले आणि रुमालात तोंड लपवून बाहेर आले. ते सासऱ्याच्या आठवणीने रडले असं त्यांच्या सासूने गावभर सांगितलं. मी हसून हसून दाराशी खाली बसले. पाच महिन्यांत पहिल्यांदा हसले, आणि हसताना मला आबांची इतकी आठवण आली की हसणं तिथेच अडकलं.

शेवटी भावाला कारण उमगलं. त्याने पंखा बंद केला, पाणी शिंपडलं, आणि आता वाऱ्याऐवजी नुसत्या आवाजावर भागवू म्हणाला.

तेवढ्यात परसदारात आई उभी दिसली. पोरांचं रडणं ऐकून ती पाण्याची कळशी आणि तुपाची वाटी घेऊन धावत आली होती. मिरची लागली की तूप लावायचं, हे तिला सांगावं लागत नव्हतं. घाईत उंबरा ओलांडल्याचं तिच्या लक्षातही आलं नसावं. गोडाऊनच्या दारापर्यंत आल्यावर मात्र ती थबकली. तिथून पथारीची मोकळी जागा दिसत होती. भाऊ आतच होता, त्याला ती आल्याचं माहीत नव्हतं.

भावाची सात वर्षांची मुलगी गाडीवर चढून बसली होती. तिची पाळी होती, पण एकटीने जायची छाती होत नव्हती. तिने आईचा पदर धरला. "आजी, तू बठ ना मन्हाजोडे. तू भूतले मारस." पार्कातल्या त्या हाताची गोष्ट तिला पाठ होती. आईने पथारीकडे एकदा बघितलं आणि कळशी खाली ठेवून ती गाडीवर बसली. मी घाबरून मागच्या कडेला टेकले.

आत गेलो. मागचं कापड पडलं आणि उन्हातून आल्यामुळे काहीच दिसेना. चाकांची करकर ऐकू येत होती. एक पोतं हललं, लाल दिवा लागला, विझला. वहिनी पुढे आली आणि गाडीवर सासू बसलेली बघून "मी तुले" एवढंच म्हणून गप्प झाली. गाडी रिकाम्या पोत्यांच्या थप्पीला वळसा घालून मागच्या अंधाऱ्या बाजूला गेली.

तिथे आबा घोरत होते.

मी हे असंच लिहिणार, कारण मला तसंच कळलं. लांब, खरखरीत ओढ, मग एकदम शांतता, इतकी की आम्ही लहानपणी अंथरुणात श्वास धरून मोजायचो, आणि मग बारीक शिट्टी मारत सुटणारा श्वास. या आवाजाला जगात दुसरा जोड नाही. स्पीकर, मोबाईल, भाऊ, यांतलं काही मला सुचलं नाही. त्या क्षणी माझी खात्री होती की थप्पीच्या मागे गेलं तर ते दिसतील, कुशीवर वळलेले, पंचा डोळ्यांवर घेतलेले. मला भीती वाटली आणि त्याच वेळी तिकडे धावत जावंसं वाटलं. गाडी ढकलणाऱ्या माणसाचे हात थांबले. तो काहीतरी पुटपुटला, आपल्या बोलीत.

"वाघ शे," भाची कुजबुजली.

"नही," आई म्हणाली. "थांबाड गाडी."

गाडी थांबलेलीच होती. आई ऐकत राहिली. एक घोरणं झालं, दुसरं झालं. मग अंधारात तिचा आवाज चढला. पाच महिन्यांनी, पूर्वीसारखा, गल्लीच्या टोकापर्यंत जाईल असा.

"झोपी ऱ्हायनात का तुम्ही? आठे? पाच महिना व्हयनात, मन्हा डोयाले डोया नही लागना, अन् तुम्ही आठे मिरचीमा मजामा घोरी ऱ्हायनात! मी तठेच ऱ्हा सांगं म्हनीसन आठेच ऱ्हायनात का? आख्खं जलम मन्हं एक नही ऐकं, अन् हाईच ऐकं? गावभर सपनमा फिरी ऱ्हायनात, इळा मांगी ऱ्हायनात, अन् मी तठे रातभर छत दखी ऱ्हायनी!" तिचा श्वास संपला. तिने तो परत घेतला. "रागमा माणूसले इतली झोप लागस का? माले काय माहीत नही? तुम्ही राग उना म्हंजे रातभर खाटवर कूस बदलेत. हाई रागनी झोप नही शे. तुम्ही रागमा नही शेतस. मंग मालेच काब्र जागाडी ऱ्हायनात?"

तिच्या बोलण्याच्या मधल्या जागांत आबा घोरत होते. तिने भांडावं आणि त्यांनी घोरत राहावं, असं आमच्या घरात हजार वेळा झालं होतं, आणि तेव्हा आम्हाला त्याचा वैताग यायचा.

थप्पीच्या मागून भाऊ बाहेर आला. हातात मोबाईल, चेहरा पांढराफटक. आबा कधीच आपण घोरतो हे कबूल करायचे नाहीत, म्हणून त्याने वर्षभरापूर्वी गुपचूप रेकॉर्ड करून ठेवलं होतं, त्यांना ऐकवायला. ऐकवायचं राहून गेलं. पंखा बंद केल्यावर आवाज हवा होता म्हणून त्याने ते लावलं, पोरांना वाघ वाटेल म्हणून. माझा हात शिवशिवत होता. मी म्हटलं, तुला दुसरा आवाज मिळाला नाही का रे मेल्या?

"माले बी झोप नही येत ताई," तो म्हणाला. "मी रोज हाईच लाईसन झोपस." आणि मोबाईल बंद करायला त्याने बोट पुढे नेलं.

"ऱ्हाऊ दे," आई म्हणाली. "बंद करू नको."

तिने भाचीला खाली उतरवलं. एक रिकामं पोतं घडी करून उशाला घेतलं, लोटगाडीवर पाय पोटाशी घेऊन आडवी झाली, तोंडावर पदर ओढला. आम्हाला वाटलं ती रडते आहे. थोड्या वेळाने वहिनीने वाकून बघितलं आणि पिठाने माखलेला चेहरा वर करून बोट ओठांवर ठेवलं. आई झोपली होती.

भूतबंगला बंद झाला. गोडाऊनचा माणूस दाराबाहेर जाऊन बसला आणि रांगेतल्या लोकांना त्याने हाताने परत पाठवलं. काय झालं विचारलं तर म्हणे, आत झोपले आहेत. कोण ते त्याने सांगितलं नाही. वहिनी पोरांना घेऊन घरात गेली. भाऊ आणि मी गाडीच्या दोन बाजूंना जमिनीवर बसलो. मिनिटभराचा तो आवाज संपायचा आणि परत सुरू व्हायचा. मधल्या शांततेत मी अजूनही श्वास धरत होते. फटींतून येणारं ऊन भिंतीवर सरकत वर गेलं. मला भावाचा राग उरला नव्हता, पण तसं मी त्याला सांगितलंही नाही.

दोन तासांनी आईने पदर बाजूला केला. उठून बसली, केस नीट केले, आजूबाजूला बघितलं. तिचे डोळे स्वच्छ होते. इतके दिवस ते तसे नव्हते, हे मला तेव्हा कळलं.

"त्या उठनात का?" तिने विचारलं.

भावाने माझ्याकडे बघितलं. मग तोच म्हणाला, "नही माय. झोपेल शेतस आजून."

ती आमच्या दोघांकडे बघत राहिली. ती पूर्ण जागी होती, यात मला शंका नाही.

"मंग झोपू द्या," ती म्हणाली. गाडीवरून उतरली आणि उद्याच्या आखाजीच्या पुरणाची डाळ कोणी निवडली का, असं वहिनीला ओरडून विचारत घराकडे गेली.

भावाने मोबाईलचं बटण दाबलं नाही, मीही दाब म्हटलं नाही. त्यातली बॅटरी संपून तो आपोआप बंद पडेपर्यंत आम्ही दोघं त्या अंधारात बसून राहिलो.